दंडाचे एकशे एक रुपये

मकरसंक्रांतीचा दुसरा दिवस. रक्कम अठरा लाख चाळीस हजार रुपये. ठाण्यात हजर माणसं चार: मी, ठाणे अंमलदार, फिर्यादी बाई आणि तिची सासू. मला निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, पण नोकरीतली कुठली घटना मनातून जात नाही असं कुणी विचारलं, तर मी त्या सकाळपासून सांगायला सुरुवात करतो.

त्या वेळी मी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नाव मी कुणाचंच देणार नाही. फिर्यादीला ताई म्हणतो, ठाण्यातही आम्ही तिला ताईच म्हणायचो. ती दिवेआगरच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातली, वय चाळिशीचं. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. ताई सकाळी किनाऱ्यावरच्या लिलावात मासळी घ्यायची, थोडी ताजी विकायची आणि बोंबील, जवळा, वाकट्या वाळवून बोर्ली पंचतनच्या बाजारात न्यायची.

तिने कर खात्याची नोटीस माझ्या टेबलावर ठेवली. तिच्या धंद्याच्या जीएसटी नंबरावरून लोखंडी भंगाराची मोठी बिलं फाडली गेली होती. त्यावरचा अठरा लाख चाळीस हजारांचा कर थकला होता आणि वसुलीसाठी तिचं बँकेतलं खातं गोठवलं होतं.

"साहेब, ह्यात लिवलंय की मी भंगार विकलं," ती म्हणाली. "माज्याकडं भंगार म्हनजे आमच्या ह्यांची फटफटी. तीपन चालते."

"कंदीमंदी चालते," शेजारी बसलेली सासू म्हणाली.

ठाणे अंमलदार हसला. ताई हसली नाही. तेव्हा मी तिला पाणी द्यायला सांगितलं आणि पहिल्यापासून सांगा म्हटलं.

गोष्ट अशी होती. ताईला मासळी वाळवायला पत्र्याची बंदिस्त शेड आणि पाकिटं बंद करायचं यंत्र घ्यायचं होतं. उघड्या वाळूवर माल टाकला की अवकाळी पावसाची एक सर सगळं नासवते. खर्च सहा लाख. बँकेच्या व्यवस्थापकाने तिला सरळ सांगितलं होतं, की एवढं कर्ज तुमच्या नावाने होणार नाही, धंद्याच्या नावाने मागा. आधी धंद्याचा नंबर काढा. त्या नावाने चालू खातं उघडा. मीठ, खोकी, प्लास्टिक त्याच नावाने उधारीवर घ्या आणि ठरल्या दिवशी फेडा. वर्षभर असं केलंत की बँकेला तुमच्या धंद्याची पत दिसेल. सल्ला योग्य होता. ताईने तो अक्षरशः पाळला. मीठवाल्याची, खोकीवाल्याची एकही उधारी तिने चुकवली नव्हती, हे मी पुढे स्वतः त्या दोघांना भेटून खात्री करून घेतलं.

"पैशे गेले तर परत कमवीन, साहेब," ती म्हणाली. "पन वरसभर जमवलेली पत मी परत कशी जमवू? बँकेच्या साहेबांनी सांगितलंय, एकतीस मार्चपर्यंत नाव साफ करून आना, न्हायतर फाईल बंद."

म्हणजे हातात अडीच महिने होते.

नंबर काढून दिला होता बोर्ली पंचतनच्या एका एजंटाने, मागच्या शिमग्यानंतर. आधार, पॅन, विजेचं बिल आणि फोटो घेतले, पंधराशे रुपये फी घेतली, तिच्या फोनवर आलेला ओटीपी विचारून घेतला आणि नंबर हातात दिला. पहिलं विवरणपत्र त्यानेच भरलं. मग म्हणाला, "वहिनी, आता पुढचं सगळं आपोआप होतं. वर्षानं या." वहिनीने विश्वास ठेवला.

हे प्रकरण कराचं आहे, पोलिसांचं नाही, असं मला वरून सुचवण्यात आलं. मी म्हटलं, कर किती ते कर खातं ठरवेल, पण बाईच्या नावावर दुसऱ्याने धंदा केला असेल तर ती फसवणूक आहे. तेव्हा जुनाच कायदा लागू होता. कलम ४२० आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम लावून गुन्हा नोंदवला.

एजंटाला बोलावलं. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. खुर्चीत बसायच्या आधी त्याने रुमालाने खुर्ची पुसली. ज्याला ठाण्याची भीती वाटते तो खुर्चीच्या कडेवर बसतो, हा मागे रेलून बसला.

"सर, मी नंबर काढून दिला, फी घेतली, पावती दिली. नंतर बाई माझ्याकडे फिरकल्या नाहीत. पावसाळ्याच्या आधीपासून आमचं बोलणंसुद्धा नाही."

"नंबराच्या कागदात पुढे बदल झालाय," मी म्हणालो. "पत्ता वाढवलाय, संपर्काचा फोन बदललाय, मालात भंगार घातलंय."

"तो बदल ओटीपीशिवाय होत नाही, सर. ओटीपी कुणाच्या फोनवर गेला, ते तुम्ही काढा. माझ्या फोनवर गेला असेल तर मला आत टाका."

आम्ही काढलं. ओटीपी दोन होते, ऑगस्टमधल्या एका सकाळी पाठोपाठ आलेले, आणि दोन्ही ताईच्याच फोनवर. त्या दिवशी एजंटाचा तिला साधा कॉल नव्हता. ज्या सिमकार्डाच्या इंटरनेटवरून बदल झाला ते एका परप्रांतीय मजुराच्या नावावर होतं आणि तो मजूर सापडत नव्हता. कागद बघितले तर सगळं ताईकडेच बोट दाखवत होतं.

ताईला पुन्हा बोलावलं. ती सासूला घेऊनच आली, दर वेळी तशीच येत असे.

"ताई, पावसाळ्यात एजंटाचा फोन आला होता का?"

"आलेला एकदा." तिने नजर खाली घातली. "त्यो आपला इंटरनेटवरनं लावतो तसा."

"काय बोलला?"

"ध्यानात न्हाय."

"तुम्ही होता कुठे तेव्हा?"

"असेन कुठंतरी."

तिचा तो फोन दिवाळीत होडीच्या तळाला साचलेल्या पाण्यात पडून मेला होता. नवीन फोनात जुनं काहीच नव्हतं. ती उठून गेल्यावर माझे सहायक निरीक्षक म्हणाले, "सर, बाई काहीतरी लपवतेय. हिस्सा घेतला असेल. उद्या हिलाच आरोपी करावं लागेल." ती लपवतेय हे मलाही दिसत होतं. पण हिस्सा घेतलेली बाई मीठवाल्याची उधारी इतकी काटेकोर फेडत नाही, असं माझं मत होतं. मत म्हणजे पुरावा नव्हे, हेही मला ठाऊक होतं.

फेब्रुवारीत खबर आली. बोर्लीतल्या एका झेरॉक्सवाल्याने आमच्या हवालदाराला चहा पिता पिता सांगितलं, "एका कामाला आधारच्या दोन झेरॉक्स लागतात. हा एजंट बायांच्या आधारच्या आठ-आठ काढून नेतो. आणि स्कूटरवरून डायरेक्ट चारचाकीवर आलाय." मी एजंटाला पुन्हा बसवलं. या वेळी चार तास.

"जास्त झेरॉक्स काढणं गुन्हा आहे का, सर?" तो म्हणाला.

नव्हता. गाडीही कर्जावर घेतलेली निघाली. त्याला सोडावं लागलं. जाताना त्याने माझ्या शिपायाला नमस्कार केला. त्या नमस्काराने मला जास्त चीड आली. पण चिडून तपास होत नाही. मी ठरवलं, की फाईल बाजूला ठेवायची आणि जिथून हे सुरू झालं ती जागा डोळ्यांनी पाहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या धंद्याच्या जागेच्या पंचनाम्यासाठी मी कोळीवाड्यात गेलो.

बोटी आल्या होत्या. किनाऱ्यावर लिलाव चालू होता. लिलाव करणारे गावातले एक वयस्कर नाखवा, म्हणजे बोटीचे मालक. डोक्यावर टोपी, पायाशी सुरमईचा ढीग, भोवती पंचवीस-तीस बायका आणि चार-पाच व्यापारी. नाखवा आकडा पुकारत होते, बायका वाढवत होत्या. मी ढिगाच्या जवळच उभा होतो. तेवढ्यात श्रीवर्धनच्या कोर्टात गेलेल्या हवालदाराचा फोन आला. त्याला गुन्हा रजिस्टरचा नंबर हवा होता. वारा जोराचा, त्याला ऐकू जाईना. मी ओरडून सांगितलं, "सदतीस! तीन आणि सात, सदतीस!"

लिलाव थांबला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेबांनी सुरमईला सदतीस लावले गो!" एक बाई ओरडली आणि हशा पिकला.

नाखवा हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "साहेब, एकशे एक."

"कसले?"

"दंड. लिलाव चालू असताना हितं दुसरा आकडा बोलायचा न्हाय. किती वाजले ते सांगायचं न्हाय, पोराचं वय सांगायचं न्हाय, फोनचा नंबर सांगायचा न्हाय. आकडा तोंडातनं गेला की ती बोली. भांडनं होतात. म्हनून गावानं बांधून दिलंय, जो चुकेल त्यानं देवळात एकशे एक टाकायचे."

"मी गिऱ्हाईक नाही, नाखवा."

"आमच्या हितं देवाला पोलीस न् गिऱ्हाईक एकच."

मागून एक बाई म्हणाली, "भरा साहेब, आमीपन तुमच्या हेल्मेटचा भरतो."

मी पाकीट काढलं. नाखवांनी गळ्यातल्या दोरीला बांधलेल्या दोन पाट्या पुढे केल्या. दोन्हींवर मोबाइलने पैसे भरायचे चौकोन छापलेले. एक मालाच्या पैशाची, दुसरी देवळाच्या खात्याची. दंडाचा पैसा ते धंद्याच्या पैशात मिसळत नसत. मी रोख दिले आणि सहज विचारलं, "वर्षाला किती जणांना होतो दंड?"

"लय न्हाय. आपल्या मान्सांना ठावं असतं. औंदा चार-पाच. तुमच्या त्या ताईलापन झालेला, नव्या हंगामाच्या पयल्या लिलावाला."

पावसाळी बंदी उठल्यावरचा पहिला लिलाव ऑगस्टच्या सुरुवातीला होतो. मी नाखवांना बाजूला घेतलं.

"ताईला कशाचा झाला दंड?"

"फोन हातात, आवाज मोठा केलेला, आनि आकडे वाचतेय घडाघडा. मी लिलाव थांबवला. म्हटलं, बाय, ठेव एकशे एक. ती बिचारी रडकुंडीला आली, फोन बंद कराया लागली. तर फोनमधला मानूस बोलतो, 'वहिनी, फोन ठेवू नका, अजून एक आकडा यायचाय. नाखवा, दंड मी भरतो, तुमचा नंबर सांगा.' मी म्हटलं, शहाण्या, नंबर सांगायचा न्हाय, त्याचाच तर दंड हाय! मंग तिनं ह्या पाटीचा फोटो काढून त्याला धाडला. पैशे लगेच आले."

"कुणाचे आले, बघता येईल?"

देवळाच्या खात्यात नोंदी थोड्याच होत्या. नाखवांनी बोटाने वर सरकवत सरकवत ऑगस्ट गाठला. एकशे एक रुपये. समोर एजंटाचं पूर्ण नाव. वेळ पाहिली आणि खिशातल्या टिपणाशी पडताळली. पहिला ओटीपी आणि दुसरा ओटीपी यांच्या मधल्या सहा मिनिटांत ते पैसे जमा झाले होते. दुसरा आकडा येण्याआधीच बाई फोन ठेवेल, या भीतीने घाईघाईत त्याने स्वतःच्याच खात्यातून देवळाला पैसे पाठवले होते.

मी तिथून थेट ताईच्या घरी गेलो. सासू ओटीवर जवळा निवडत होती, ताई शेजारी.

"ताई, लिलावात दंड झाला होता, ते आम्हाला का नाही सांगितलंत?"

तिचा चेहरा पडला. तिने आधी सासूकडे पाहिलं. "साहेब, ह्यांच्यापुढं कसं सांगू? माजी सासू त्या लिलावात चाळीस वर्सं उभी ऱ्हायली. तिला एकदा न्हाय झाला दंड. आनि मी त्यांची सून..."

सासूने जवळा निवडणं थांबवलं नाही. "मला त्याच दिवशी कळलेलं," ती म्हणाली. "सगळ्या गावाला ठावं, मला न्हाय व्हनार?"

"मंग बोललात का न्हाय?"

"तू सांगत नव्हतीस म्हनून."

सहा महिने दोघी एकाच घरात, एकाच चुलीवर, हे पोटात ठेवून वावरत होत्या. आणि ज्या एका गोष्टीने तपास उभा राहणार होता ती दोघींनाही माहीत होती.

फक्त फोनवर दिसलेली नोंद कोर्टात टिकत नाही. देवळाच्या खात्याचा प्रमाणित उतारा बँकेकडून मागवला. नाखवांचा आणि त्या लिलावात हजर असलेल्या दोन बायकांचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतला. हे सगळं हातात आल्यावर एजंटाला तिसऱ्यांदा बोलावलं. तो पुन्हा रेलून बसला.

"पावसाळ्याच्या आधीपासून ताईंशी बोलणं नाही म्हणालात. तसंच लिहू ना?"

"लिहा, सर."

लिहिलं. वाचून दाखवलं. त्याने सही केली.

"देवाधर्माचं करता का काही?"

"करतो की, सर. सकाळी अगरबत्ती लावल्याशिवाय कॉम्प्युटर चालू करत नाही."

"कोळीवाड्यातल्या देवळाला कधी काही देणगी?"

"तिकडे माझं जाणंच नाही, सर."

"मग हे एकशे एक कुणाच्या भक्तीचे?" मी उतारा त्याच्यापुढे सरकवला.

त्याने तो वाचला. पुन्हा वाचला. मग तो खुर्चीच्या कडेवर आला. पाणी मागितलं. सहायक निरीक्षक काही बोलणार होते, मी हातानेच थांबवलं. अशा वेळी पोलिसाने गप्प बसायचं असतं. समोरचा माणूस मनातल्या मनात हिशेब करत असतो आणि तो हिशेब त्याला पुरा करू द्यायचा असतो.

"मला एका नावामागे वीस हजार मिळायचे," तो अखेर म्हणाला. "बिलं मी नाही फाडली, सर."

बिलं फाडणारा नवी मुंबईकडचा एक दलाल होता. त्याला अगदी नवीन नाही, काही महिने चाललेला, चालू खातं असलेला, उधाऱ्या वेळेत फेडणारा नंबर हवा असायचा, कारण असल्या नंबरावर कुणी संशय घेत नाही. ताईने मेहनतीने जमवलेली पतच त्याने विकत घेतली होती. एजंटाने अशा पाच बायकांची नावं दिली होती. उरलेल्या चौघींना अजून नोटीसही आली नव्हती. दलालाला आमच्या पथकाने आठवड्याभरात उचललं.

खरी धावपळ पुढे होती. आरोपी पकडला म्हणून बाईचं खातं मोकळं होत नाही. कर खात्याच्या अधिकाऱ्यांना मी गुन्ह्याच्या कागदांची प्रमाणित प्रत स्वतः अलिबागला नेऊन दिली, पुन्हा गेलो, आणि तिसऱ्या वेळी ताईला आणि नाखवांनाही गाडीत घालून नेलं. अधिकारी बाई काटेकोर होत्या, पण त्यांनी नाखवांचं सगळं ऐकून घेतलं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खात्यावरची बंदी उठली. नोटीस रद्द व्हायला पुढे आणखी वेळ लागला, पण बँकेला तेवढं पत्र पुरलं. मुदतीच्या आत कर्ज मंजूर झालं. सहा लाख नाही, चार. ताई म्हणाली, शेड आधी, यंत्र पुढच्या वर्षी.

खटला मी निवृत्त झालो तेव्हाही चालू होता. एजंट जामिनावर होता. बोर्लीत त्याच्या दुकानाच्या जागी आता दुसरंच दुकान आहे.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, माणूस पोलिसापुढे गुन्ह्याइतकीच आपली फजितीही लपवतो, आणि पुष्कळदा पुरावा त्या फजितीतच असतो. तेव्हापासून मी फिर्यादीला घरच्या माणसांपासून वेगळं बसवून एकदा तरी त्याच्याशी बोलू लागलो. दुसरी गोष्ट अशी, की गरीब माणसाची पत ही कमवायला वर्ष लागणारी वस्तू आहे. तिची चोरी घरफोडीसारखीच गंभीर धरावी. ती बोट ठेवून दाखवता येत नाही, म्हणून आपण ती हलकी समजतो.

एक राहिलं. गावकीने एजंटाचे एकशे एक मानले नाहीत. नाखवा ठाण्यात येऊन म्हणाले, चोराचा पैसा देवाच्या खात्यात नको, परत घ्या. मी म्हटलं, खटला संपेपर्यंत त्याला हात लावू नका, तो पुरावा आहे. मग गावकीत ठरलं, की तो पैसा पडून राहू दे, पण दंड भरला गेला असं धरायचं नाही.

मे महिन्याच्या अखेरीस, बंदी लागण्याआधीच्या शेवटच्या लिलावाला मी साध्या कपड्यांत बायकोबरोबर मासळी घ्यायला गेलो होतो. सासू नेहमीच्या जागी उभी होती. बोली ऐन रंगात आली असताना ताई गर्दीतून पुढे आली. तिने पदराची गाठ सोडली आणि नाखवांच्या तळहातावर शंभराची एक नोट आणि वर एक रुपयाचं नाणं ठेवलं. नाखवांनी मान हलवून ते देवळाच्या पिशवीत टाकलं आणि पुढची बोली पुकारली.

लिलाव चालू होता, म्हणून किती दिले ते ताईने तोंडाने सांगितलं नाही.